माणसात दोन माणसे राहतात काय?

कथा-कादंबरी हाती घेतलेला वाचक पहिल्या पंधरा-वीस पानांतच मनाशी दोन याद्या करू लागतो. एकीत सज्जनांची नावे, दुसरीत दुर्जनांची. सिनेमा पाहताना मांडीवर बसलेले मूल विचारते, ‘‘बाबा, हा माणूस चांगला की वाईट?’’ आणि उत्तर मिळाल्याखेरीज त्याला पुढचे काही पाहवत नाही. आपण मोठी माणसे हा प्रश्न मोठ्याने विचारीत नाही, एवढाच काय तो फरक. सामान्य कथा या याद्या शेवटपर्यंत जपते. सज्जनाला बक्षीस आणि दुर्जनाला शिक्षा देऊन आपल्याला समाधानाने झोपी घालते. श्रेष्ठ कथा मात्र मध्येच कुठेतरी ती यादी आपल्या हातून काढून घेते. ज्याला आपण दुर्जन ठरविले त्याच्या डोळ्यांत अचानक पाणी येते, आणि ज्याच्यावर आपण विसंबलो तो ऐनवेळी नीचपणे वागतो.

मग गोंधळलेला वाचक एक तोडगा काढतो. तो म्हणतो, ‘‘प्रत्येक माणसात एक देव असतो आणि एक राक्षस. कधी हा जिंकतो, कधी तो.’’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. शिवाय त्यात नम्रतेचा सूरही आहे. पण ते खरे आहे काय?

हा प्रश्न केवळ साहित्यचर्चेचा असता, तर या पानांवर मी तो काढला नसता. आपल्या घरांत हे तत्त्वज्ञान रोज वापरले जाते. ‘‘शुद्धीत असला की देवमाणूस हो, फादर, पण प्यायला की तो तो राहतच नाही. दुसराच कुणी असतो,’’ असे सांगणारी पत्नी प्रत्येक धर्मग्रामात आहे. मार सोसूनही प्रेम टिकविण्यासाठी तिने शोधलेला तो आसरा असतो. तिला दोष देववत नाही. पण सकाळ झाली की नवराही तेच म्हणू लागतो. काल रात्री हात उगारला तो मी नव्हेच, माझ्या अंगात काहीतरी शिरले होते! मग अपराध कुणाचा? क्षमा कुणी मागायची, आणि कुणाला द्यायची?

जेकिलची पूड

माणसाचे दोन तुकडे करता येतील काय, हा प्रश्न एका कथेने अगदी शब्दशः मांडला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची कथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. जेकिल हा लंडनमधील प्रतिष्ठित, परोपकारी डॉक्टर. आपल्यातल्या हीन वासना चांगल्या अंशापासून वेगळ्या काढता आल्या, तर दोन्ही अंश आपापल्या वाटेने सुखाने जातील, असा विचार करून तो एक औषध बनवितो. ते प्यायल्यावर त्याचा हाइड होतो: ठेंगणा, क्रूर, निर्लज्ज. पुन्हा औषध घेतले की हाइडचा जेकिल.

ही कथा न वाचलेली माणसेही तिचे नाव म्हणीसारखे वापरतात, आणि म्हणूनच तिच्यातील दोन गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत. पहिली ही, की औषधाने वाईट तेवढे वेगळे निघते, पण चांगले वेगळे निघत नाही. हाइड पूर्णपणे दुष्ट आहे. जेकिल मात्र पूर्णपणे सज्जन झालेला नाही. तो पूर्वी होता तसाच, बऱ्या-वाईटाचे मिश्रण राहतो. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. शेवटच्या कबुलीजबाबात हाइडची कृत्ये लिहिताना जेकिलला ‘मी’ हा शब्द लिहिणे कठीण होते. तो ‘तो’ असे लिहितो, आणि ‘मी’ म्हणवत नाही हेही मान्य करतो. पण औषध ओतणारा हात कुणाचा होता? पेला ओठांना लावणारा हाइड नव्हता. तो जेकिल होता.

आमच्या मोहन्यात ज्यांनी नॅशनल रेयॉनच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविली, त्यांना या रसायनाची गंमत अधिक कळेल. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करून मधासारखा दाट पाक करायचा, तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडायचा, आणि रेशमासारखा धागा ओढून घ्यायचा, हे त्यांच्या हातचे काम होते. कच्च्या मालात भेसळ असली तर पुढे काय होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. जेकिलचाही घात असाच झाला. त्याची पूड संपते. नवी मागविलेली पूड चालत नाही. आणि त्याच्या ध्यानात येते, की पहिल्या पुडीतच काहीतरी अज्ञात भेसळ होती आणि औषधाचा सारा गुण तिच्यामुळेच होता. माणसाला निर्भेळ करायला निघालेला शास्त्रज्ञ भेसळीच्या भरवशावर जगत होता! स्टीव्हन्सनने दोन माणसांची कथा लिहिली असे आपण समजतो. वास्तविक, स्वतःला दोन समजणाऱ्या एका माणसाचा नाश कसा झाला, ही ती कथा आहे.

ययाति आणि यती

मराठीत या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेली कादंबरी म्हणजे वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला लाभला, आणि १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकर हे त्या सन्मानाचे पहिले मराठी मानकरी ठरले. महाभारतातील ययाती शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध होतो आणि आपल्या मुलांकडे त्यांचे तारुण्य मागतो. धाकटा पुरू ते देतो. बापाने मुलाचे तारुण्य मागावे, याहून भयंकर मागणी कोणती? खांडेकरांना मात्र या राजात आजचा सामान्य माणूस दिसला.

या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात, आणि प्रत्येकजण ‘मी’ म्हणून बोलतो. ययाती आपल्या अधःपाताची हकिकत सांगताना ‘तो’ म्हणून बाजूला सरू शकत नाही. त्याचे पाप कुठून आले याचा शोध घेत आपण मागे जातो, तेव्हा तेथे कुणी राक्षस सापडत नाही. तेथे सापडते प्रेमाची भूक आणि मृत्यूचे भय. या दोहोंत निंद्य असे काय आहे? प्रेमाची भूक परमेश्वरानेच माणसात ठेवली. पण ययाती ती भूक उपभोगाने भागवू पाहतो आणि मृत्यूचे भय विलासात बुडवू पाहतो. पाणी तेच; त्याने पाट तेवढा चुकीच्या शेतात काढला.

खांडेकरांनी त्याच्यासमोर त्याचा थोरला भाऊ यती उभा केला आहे. तो राज्य आणि सुख सोडून तपाला गेलेला. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, की हा सज्जनांच्या यादीतला. परंतु यती शरीराचाच द्वेष करतो, स्त्रीचा द्वेष करतो, आणि त्या द्वेषापायी अखेर माणुसकीलाच पारखा होतो. एक भाऊ देहाचा गुलाम, दुसरा देहाचा वैरी. आणि दोघेही वाट चुकलेले. खरा संयमी आहे तो कच. त्याने प्रेम केले, पण प्रेमाची मालकी मागितली नाही. दुष्टपणाचे घर देहात नाही आणि साधुत्वाचे घर अरण्यात नाही, हे एका हिंदू कथेच्या आधारे खांडेकरांनी जितके स्पष्ट दाखविले, तितके आपल्या पुष्कळ उपदेशांतूनही दिसत नाही.

संत ऑगस्टिनची साक्ष

देहाला वाईट आणि आत्म्याला चांगले म्हणणारा यती ख्रिस्तसभेला अपरिचित नाही. तिसऱ्या शतकात मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाने एक पंथ काढला. विश्वात प्रकाश आणि अंधार अशी दोन अनादी तत्त्वे आहेत, जडसृष्टी अंधाराच्या बाजूची आहे, आणि माणूस म्हणजे त्या दोहोंचे रणांगण, अशी त्याची शिकवण. उत्तर आफ्रिकेत इ. स. ३५४ साली जन्मलेला ऑगस्टिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे या पंथाच्या नादी होता. पुढे ३८७ साली मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने आपला आत्मनिवेदनपर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की पाप करणारा मी नव्हे, माझ्यातला दुसरा कुणी स्वभाव आहे, असे मानणे त्याला फार सोयीचे वाटत असे. त्यामुळे त्याच्या अहंकाराला धक्का लागत नव्हता. आपण कबुली द्यावी आणि परमेश्वराने बरे करावे, याची वाटच त्या कल्पनेने बंद करून टाकली होती.

वाचकहो, आपल्या शेजारच्या खोलीतला तो नवरा आणि सोळाशे वर्षांपूर्वीचा हा प्रकांड पंडित एकच सबब सांगत होते!

ऑगस्टिनने ती सबब सोडली तेव्हा त्याला जे दिसले, ते ख्रिस्ती विचाराचे कायमचे धन झाले. वाईटाला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नाही. अंधार म्हणजे वस्तू नव्हे, प्रकाशाचा अभाव; लाकूड कुजते, पण कुजणे लाकडाविना उभे राहू शकत नाही. तसे वाईट हे चांगल्याच्याच अंगावर वाढते. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापविलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तही आपल्या पूर्वजांनी मराठी ओव्यांतून हेच ऐकले, की जो पुढे सैतान झाला तोही मुळात देवाने निर्मिलेला तेजस्वी दूतच होता. वाईट निर्माण करणारा दुसरा देव नाही. म्हणून माणसाच्या घडणीतही वाईटाने रचलेला वेगळा भाग असू शकत नाही.

चांगुलपणाच्याच अंगावर

हा विचार हाती घेऊन मराठी साहित्याकडे पुन्हा पाहावे, म्हणजे ओळखीची पात्रे नव्याने कळू लागतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आपल्या घरोघरी आहे. त्यातला श्याम एकदा पैसे चोरतो. कशासाठी? पुस्तकासाठी. विद्येची आवड ही चांगलीच गोष्ट. तिनेच त्याचा हात दुसऱ्याच्या खिशापर्यंत नेला. आणि आई काय करते? चोरी करणारा माझा श्याम नव्हे, असे ती म्हणत नाही. तो तिचाच श्याम आहे, म्हणून तर तिला दुःख होते. आणि त्यानेच चोरी कबूल केल्यावर त्यालाच ती जवळ घेते.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ पासून कर्णाला मराठी वाचकांच्या हृदयात बसविले. महाभारतातला हा कर्ण मागणाऱ्याला अंगावरची कवचकुंडले काढून देतो, आणि तोच कर्ण द्यूतसभेत एका असहाय स्त्रीच्या विटंबनेला हातभार लावतो. येथे दोन कर्ण आहेत काय? नाहीत. सूतपुत्र म्हणून ज्याला सर्वांनी हिणविले, त्याला दुर्योधनाने मान दिला. त्या उपकाराची जाणीव हा कर्णाचा सर्वांत उदात्त गुण, आणि त्याच गुणाने त्याला अधर्माच्या बाजूला शेवटपर्यंत बांधून ठेवले. आपला माणूस म्हणून त्याच्या अन्यायाकडे काणाडोळा करणारे कितीतरी कर्ण आपल्या संघटनांत, कुटुंबांत आणि धर्मग्रामांतही सापडतील. निष्ठा हा सद्गुणच. पण तिने सत्याकडे पाठ फिरविली, की तीच पापाची ढाल होते.

चार भल्या माणसांचे न्यायालय

विजय तेंडुलकरांची नाटके आपल्या कुटुंबांत पुष्कळांना रुचत नाहीत. अशा गोष्टी कशाला दाखवायच्या, असे आईबाप विचारतात. परंतु १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ प्रत्येक ख्रिस्ती प्रौढाने पाहावे किंवा वाचावे, असे मला वाटते. प्रयोगासाठी गावी आलेली एक हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडते. आरोपी होते त्यांच्यातलीच शिक्षिका लीला बेणारे. खेळता खेळता खटला खरा होऊ लागतो. तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते, आणि ती सारी सुसंस्कृत माणसे शिकारीच्या आनंदाने तिच्यावर तुटून पडतात. ज्या पुरुषाने तिला त्या अवस्थेत लोटले, तो मात्र त्या कोर्टात हजरच नसतो.

या नाटकात कुणी हाइड नाही. ही सारी दोन वेळचे जेवण जेवणारी, नीतीची चाड असलेली माणसे आहेत. आणि त्यांचे क्रौर्य त्या नीतीच्या भाषेतच बोलते. ऑगस्टिननेही सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या बागेतली नासपती चोरली होती. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. एकटा असतो तर ती चोरी केली नसती, असे तो लिहितो. टोळक्यात ‘मी’ हरवतो आणि ‘आम्ही’ उरतो. ‘मी’ला लाज वाटते, ‘आम्ही’ला सहसा वाटत नाही. जेकिलने पाप ‘त्या’च्यावर ढकलले, बेणारेच्या सोबत्यांनी ते ‘आपणां सर्वां’त वाटून टाकले. पळवाटा दोन, पण दोन्ही ‘मी’पासूनच निघतात. प्रभू येशूसमोर एका स्त्रीला असेच ओढून आणले गेले, तेव्हा त्याने त्या जमावातल्या प्रत्येकाला एकेकटे केले. स्वतःच्या पापाची आठवण होताच ते एकामागून एक निघून गेले, आणि वडीलधारे आधी गेले, याची योहानाने मुद्दाम नोंद केली आहे.

मग सैतान? आणि व्यसन?

येथे दोन शंका रास्तपणे घेतल्या जातील. ख्रिस्तसभा सैतान मानते, मग माणसात दुसरा कुणी नाही असे कसे म्हणायचे? सैतान मोह घालतो; संमती माणूस देतो. आदामाने हव्वेकडे बोट दाखविले, हव्वेने सर्पाकडे. परमेश्वराने दोघांचेही ऐकून घेतले, पण उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागले. संत पौल रोमकरांस लिहिताना आपल्यात वसणाऱ्या पापाविषयी बोलतो आणि इच्छा नसलेले आपण करतो अशी कळवळून कबुली देतो, हे खरे. पण त्या अध्यायात विव्हळणारा ‘मी’ एकच आहे, आणि सुटकेची याचनाही तोच करतो.

दुसरी शंका व्यसनाची. दारूच्या आहारी गेलेल्याची इच्छाशक्ती दुबळी झालेली असते, व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र सांगते. ख्रिस्तसभेनेही १९९२ सालच्या आपल्या धर्मशिक्षणग्रंथात सवय, भय आणि मनाच्या अवस्था यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, हे मान्य केले आहे. म्हणून अशा माणसाचा न्याय करताना आपण हात आखडता घ्यावा. परंतु जबाबदारी कमी होते म्हणजे माणूस दुसरा होत नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ आज आपल्याकडेही आहे. तिच्या सभेत उठून बोलणारा आधी आपले नाव सांगतो आणि मग आपण मद्यासक्त आहोत असे म्हणतो. तेथे ‘तो’ चालत नाही. आजार आहे, पण तो माझा आहे. म्हणून उपचारही माझ्यावरच होऊ शकतात. आणि हेही येथेच सांगितले पाहिजे, की मार खाणाऱ्या पत्नीने ‘तो तो नव्हता’ म्हणून निमूट सोसत राहणे म्हणजे क्षमा नव्हे. त्याने आपल्या कृत्याला आपले म्हणावे आणि उपचार घ्यावेत, असा आग्रह धरण्याचा आणि तोवर स्वतःला व मुलांना सुरक्षित ठेवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

एकच माणूस, म्हणून आशा

माणसात दोन माणसे नाहीत, ही गोष्ट ऐकायला कठोर वाटते. विचार केला म्हणजे कळते, की सारी आशा तिच्यातच आहे. माझ्यात खरोखरच राक्षस राहत असता, तर त्याला फार तर कोंडून ठेवता आले असते. राक्षस बदलत नाही. पण वाईट ही जर माझ्याच चांगल्या शक्तीने घेतलेली चुकीची दिशा असेल, तर ती शक्ती वळविता येते. श्रद्धावंतांना छळणाऱ्या शौलाचा आवेश दिमिष्काच्या वाटेवर नष्ट झाला नाही. तोच आवेश पुढे समुद्र ओलांडून सुवार्ता घेऊन गेला. कुजके तेवढे कापून फेकणारा शल्यविशारद म्हणून प्रभू माणसाजवळ येत नाही. तो सबंध माणसाला हाक मारतो.

२००९ साली आमच्या कारखान्याची यंत्रे थांबली. रोजगार गेला की घरात काय काय शिरते, हे या गावाला शिकवावे लागत नाही. पण त्याच चाळींत माणसे एकमेकांच्या मुलांच्या फिया भरीत होती, हेही या गावाला ठाऊक आहे. निराशेने बाटली धरणारा हात आणि शेजाऱ्याला आधार देणारा हात पुष्कळदा एकाच माणसाचा असतो. त्याच्या पहिल्या हाताकडे पाहून त्याला दुर्जनांच्या यादीत घालणे सोपे, दुसऱ्याकडे पाहून देवमाणूस म्हणणे त्याहून सोपे. दोन्ही हात त्याचेच आहेत हे मान्य करून त्याच्याशी बोलायला बसणे अवघड. कुटुंबाचे, धर्मगुरूचे आणि चांगल्या लेखकाचेही काम हेच आहे.

म्हणून आपल्या मुलांना कथा-कादंबऱ्या वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर कोण चांगला, कोण वाईट, एवढेच विचारून थांबू नका. या माणसाचा कोणता गुण त्याला खड्ड्यात घेऊन गेला, असे विचारा. आणि तू त्याच्या जागी असतास तर तुझा पाय कुठे घसरला असता, हेही हळूच विचारा.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला मुलगा बापाशी भांडतो, तेव्हा परत आलेल्याला तो भाऊ म्हणत नाही. बापाचा मुलगा म्हणतो. नाते तोडले, की त्याचे पाप आपल्यापासून दूर राहील, असे त्याला वाटते. बाप उत्तर देताना तो वगळलेला शब्द त्याच्या पदरात परत घालतो. डुकरांचा वास येणारा तो तुझा भाऊ आहे. मग थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.